चढालाच तापणारी गाडी

परवा दिलेली एक गाडी अजून डोक्यातून जात नाही. 2009 ची पेट्रोल हॅचबॅक, एका शाळेतल्या सरांनी सेकंड हॅन्ड घेतलेली. साताऱ्यात दिवसभर फिरवा, काटा जागचा हलत नाही. पुण्याहून येताना खंबाटकीचा चढ लागला की थेट लाल पट्टीत.

माझ्याकडे येईपर्यंत रेडिएटर नवा झाला होता. पंखाही नवा आणि वर डायरेक्ट केलेला, चावी फिरवली की सुरू. थर्मोस्टॅट तर काढूनच टाकलेला. आमच्या धंद्यातल्या या खोडीची मला मनापासून चीड आहे. पाणी 82 अंशांना तापलं की रेडिएटरकडची वाट उघडणारा हा व्हॉल्व्ह तिथे उगाच बसवलेला नसतो. तो काढला की इंजिन गरम व्हायला वेळ लागतो, पेट्रोल जास्त जातं आणि मूळ दुखणं तसंच राहतं.

"सर, सिग्नलला उभी असताना तापते की पळताना?"

"पळताना. तेही चढाला."

मग पंख्यावर खर्च केलाच कशाला? पळत्या गाडीला समोरचा वारा पुरतो. पाणीच नीट फिरत नसणार.

आधी हेड गॅस्केट बघितलं, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील. रेडिएटरच्या तोंडावर टेस्टर लावला, निळं लिक्विड निळंच राहिलं. म्हणजे जळका गॅस पाण्यात येत नव्हता. आता पाणी फिरवणारा पंप खोलावा लागणार, पण त्याआधी पोराला रेस द्यायला बसवलं आणि मी खालच्या होज पाईपवर बॅटरी मारून बघत राहिलो. रेस कमी असेपर्यंत काही नाही. तीन हजारांच्या पुढे गेल्यावर पाईप मधोमध आत ओढला गेला आणि बघता बघता चपटा झाला. रेस सोडली की परत गोल.

पंप पाणी याच पाईपातून ओढतो. तो मिटू नये म्हणून आत स्प्रिंग असते. पाईप चिरला तर स्प्रिंगच्या जागी गंजाचे तुकडे! आधीच्या मालकाने कूलंट कधी घातलंच नसावं, नुसतं बोअरचं पाणी. त्यात रेडिएटरची 0.9 बारची कॅप दाब धरेना, त्यामुळे मऊ पडलेल्या पाईपाला आतूनही आधार नव्हता. जुनी गाडी घेताना लोक सीट कव्हर बघतात, टेप वाजवून बघतात. थंड इंजिनावर रेडिएटरची कॅप उघडून पाण्याचा रंग कुणी बघत नाही.

तुकडे पंपात गेले असतील म्हणून पंप उघडलाच. पाती शाबूत होती. स्प्रिंगवाला पाईप, कॅप आणि थर्मोस्टॅट बसवला, पंखा पुन्हा सेन्सरवर घेतला, निम्मं कूलंट निम्मं डिस्टिल्ड वॉटर भरून हवा काढली. सरांना शेजारी बसवून घाट चढलो. काटा निम्म्यावरच राहिला.

तरी घोर लागलाय तो हेडचा. ॲल्युमिनियमचं हेड इतक्यांदा तापलंय, कुठे केसभर वाकलं असेल तर या टेस्टमध्ये दिसेलच असं नाही. सरांना सांगितलंय, हजार किलोमीटर झाले की गाडी आणा, आणि तोवर दर रविवारी डिपस्टिक बघा. पाणी मिसळून ऑइल दुधाळ दिसलं तर चावी लावू नका, आधी मला फोन करा.