निवेदनावर सही का केली नाही, तुम्ही विचारलंत म्हणून

"आयुष्य त्या धुरात काढलंत, आता निवृत्तही झालात, मग चंद्रपूरचं औष्णिक वीज केंद्र बंद करा म्हणणाऱ्या निवेदनावर तुमची सही का नाही?" सकाळी फिरायला गेलो तरी हेच, लग्नाच्या पंगतीत हेच, आणि पुण्याचा पुतण्या तर तब्येत विचारायच्या आधी हे विचारतो. दर वेळी अर्धंच बोलणं होतं. म्हणून एकदा लिहून टाकतो.

धुराबद्दल मला पटवायची गरज नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्येच चंद्रपूरला अतिप्रदूषित ठरवलं. विजेच्या एका युनिटला साधारण सातशे ग्रॅम कोळसा लागतो आणि आपल्या कोळशात तिसऱ्या हिश्श्याहून जास्त राख निघते. वीज ७५२ किलोमीटरच्या लाइनवरून पडघ्याला, मुंबईच्या दाराशी जाते. युनिटमागे पाव किलो राख इथे राहते. केंद्रात नव्याने येणाऱ्या पोरांना हा हिशेब मी फळ्यावर मांडून दाखवायचो आणि वर सांगायचो की देश चालायचा तर एका जिल्ह्याने सोसलं पाहिजे. आज ते माझ्याच्याने म्हणवत नाही. केंद्राला लागून असलेल्या दुर्गापुरात ज्या घरी म्हाताऱ्याच्या उशाशी दम्याचा पंप असतो, तिथे बसून ते कोण म्हणेल?

तरीही सही केली नाही. त्याला कारण २०१० चा उन्हाळा.

इरई धरण तळाला गेलं होतं. केंद्र तेव्हा २३४० मेगावॉटचं, आणि शहराचं पिण्याचं पाणीही त्याच धरणातलं. कूलिंग टॉवरमधून वाफ होऊन जे उडतं ते भरून काढायला पाणी उरलं नाही, तेव्हा संच, म्हणजे बॉयलर-टर्बाइनच्या जोड्या, बंद करणं आलं. त्यातला एक २१० मेगावॉटचा संच आमच्या शिफ्टमध्ये उतरवायचा होता. संचाला काहीही झालेलं नव्हतं. ड्रम लेव्हल ठीक, व्हायब्रेशन ठीक, ट्यूब लीकेज नाही. एलडी कळव्याला, म्हणजे राज्यातल्या विजेचा मेळ घालणाऱ्या लोड डिस्पॅच केंद्राला, फोन केला, लोड उतरवतोय म्हणून सांगितलं. ज्योत टिकावी म्हणून तेलाच्या ऑइल गन लावल्या, कोळसा दळणारी एकेक मिल काढली, शेवटी ब्रेकर उघडून संच ग्रिडपासून तोडला. मिनिटाला तीन हजारांवरून टर्बाइनचे फेरे उतरू लागले. एरवी संच ट्रिप झाला की कंट्रोल रूममध्ये धावपळ असते, परत घ्यायची घाई असते. त्या दिवशी कुणालाच घाई नव्हती. बॅरिंग गिअर लागला, गरम रोटर वाकू नये म्हणून सावकाश फिरत राहिला, आणि मी लॉगबुकमध्ये कारणाच्या रकान्यात लिहिलं : पाणी नाही. एवढं लिहायला मला फार वेळ लागला. धडधाकट जनावर खुंट्यावर उपाशी ठेवावं, तसं वाटत होतं.

घरी आलो तर शेजारच्या काकू अंगण झाडत होत्या. संच बंद केला म्हटल्यावर म्हणाल्या, "बरं केलं बाबा. चार दिवस कुरड्या तरी उघड्यावर वाळवता येतील." मी काही बोललो नाही. काय बोलणार? तेवढ्यात वरोऱ्याकडून थोरल्या भावाचा फोन. भारनियमन आधीच होतं, ते आणखी वाढलं होतं. "तुझ्या धरणात पाणी नाही म्हणून माझी मोटार बंद! माझ्या विहिरीत पाणी आहे ना रे!" वांग्यांचं उभं पीक त्याच्या डोळ्यांदेखत माना टाकत होतं. त्या एका सकाळी दोघांनी मला जे सांगितलं, त्यातलं काही खोटं होतं असं मला आजपर्यंत म्हणता आलेलं नाही.

पुतण्या म्हणतो, काका, ते जुनं झालं, आता सोलर आहे. आहे, आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. दुपारी सूर्याची वीज ग्रिडवर आली की पाचशे मेगावॉटचे संच ५५ टक्क्यांपर्यंत खाली आणतात, बॅकडाउन करतात. पण दिवेलागणीला तीच वीज नाहीशी होते आणि घराघरांत लोड चढतो. तेव्हा ग्रिडची फ्रिक्वेन्सी पन्नास हर्ट्झच्या आसपास धरायला हेच संच पुन्हा वर न्यावे लागतात. दुपारी ते पूर्ण बंद करता येत नाहीत, कारण थंड बॉयलर बटण दाबून चालू होत नाही, त्याला तास लागतात. देशातली सुमारे ७० टक्के वीज आजही कोळशाची आहे. चंद्रपूरचे २९२० मेगावॉट काढायचे, तर संध्याकाळी सात वाजता त्या जागी काय, हे निवेदनात लिहिलेलं नाही. आधी कात्री पुन्हा माझ्या भावाच्या फीडरवर, म्हणजे शेतीच्या वीजवाहिनीवरच लागेल, अशी मला भीती आहे.

पहिला आणि दुसरा संच कायमचे बंद झाले, तेव्हा मी विरोध केला नाही. तिसरा-चौथा त्याच काळातले, तेही काढा, माझी हरकत नाही. पाचशेच्या पाच संचांबद्दल मात्र साठवणुकीचं, शेतीच्या विजेचं आणि साठलेल्या राखेचं काय करणार, हे आधी लिहा. काकूंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "तुमचं लिहून होईस्तोवर आम्ही श्वास कुठला घ्यायचा?" याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि म्हणूनच निवेदनाच्या विरोधातही मी कुठे बोलत नाही.

मसुदा सुधारून आणा, नीट वाचीन. सही करीनच असं मात्र धरून चालू नका.