तुम्ही विचारलंत म्हणून: एकाच पक्ष्याचे इतके फोटो कशाला?

"एकाच पक्ष्याचे चाळीस-चाळीस फोटो कशाला काढता? एक छान आला की झालं ना!" हिवाळ्यात माझ्यासोबत तळ्यावर आलेलं कुणी ना कुणी हे विचारतंच. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगते.

छान आलेला फोटो ओळख पटवायला बऱ्याचदा पुरत नाही. हिवाळी पाहुणे विणीच्या काळातले रंग उतरवून आलेले असतात, आणि चिखलात चरणारे तर सगळेच राखी-तपकिरी. ओळख ठरते ती बारीक खुणांवर, आणि पक्षी सगळ्या खुणा एकदम दाखवत नाही. ठिपकेवाली तुतारी आणि हिरवी तुतारी हे काठावर चरणारे दोन पक्षी घ्या. बसलेल्या असताना भुवई, म्हणजे डोळ्यावरची फिकट रेघ, बघायची: ठिपकेवालीची पांढरी भुवई डोळ्याच्या बरीच मागे जाते, हिरवीची डोळ्यापाशीच संपते. पण खात्री पटते ती उडताना. हिरवीचा पंख खालून काळपट दिसतो, ठिपकेवालीचा फिकट. हे दिसतं जेमतेम अर्धा सेकंद. तुतारी मान ताणून डोकं वरखाली करायला लागली की आता ती उडणार, आणि माझं बोट शटरवरून हलत नाही. त्या वीसेक फोटोंत कामाचा एकच निघतो. तोही तिरका, धूसर, कुणाला दाखवण्यासारखा नसतो. मी जपून ठेवते तो तोच.

टिलव्याचं सांगायलाच हवं. छोटा टिलवा आणि टेमिंकचा टिलवा, दोघंही चिमणीएवढे. छोट्याचे पाय काळे, टेमिंकचे पिवळट. एका सकाळी काठाशी एकटाच टिलवा चरत होता, पाय स्वच्छ फिकट दिसत होते. मी वहीत 'टेमिंक' लिहून मोकळी झाले. संध्याकाळी फोटो मोठे करून बघितले, तर तो फिकटपणा वरपर्यंत जातच नव्हता. पायाच्या सांध्याच्या जरा वर एक सरळ रेघ होती; तिच्याखाली फिकट, वर काळंभोर. तो वाळलेला चिखल होता! पुढच्या काही फोटोंत पक्षी पाण्यातून चालून आला होता आणि एका पायावरचा चिखल अर्धा धुऊन गेला होता. मग एका फोटोत शेपूट पसरलेली सापडली. कडेची पिसं राखाडी होती. टेमिंकची शुभ्र असतात. वहीतली नोंद खोडून 'छोटा टिलवा' लिहिलं. पहिल्या फोटोवर समाधान मानलं असतं, तर ती चूक तशीच राहिली असती, आणि अशा नोंदी पुढे कुणीतरी खऱ्या धरून चालतं.

फोटोही फसवतो, हे मात्र लक्षात ठेवा. कडक उन्हात तपकिरी पाठ वाळूच्या रंगाची दिसते, ढगाळ सकाळी तीच गडद होते. म्हणून मी रंगाआधी ठेवण बघते: डोक्याच्या मानाने चोच केवढी, मिटलेल्या पंखांची टोकं शेपटीच्या पुढे जातात का. ऊन तापलं की जमिनीवरची हवा थरथरते. मग लांबचा फोटो कितीही भारी लेन्सने काढा, पिसांच्या कडा विरघळतातच.

दुसरं कारण मला जास्त प्रिय आहे. पक्षी हिवाळाभर तसाच राहत नाही. कृष्णथिरथिरा आला की नराच्या छातीवरच्या काळ्या पिसांना राखाडी किनार असते, त्यामुळे तो धुरकट दिसतो. महिने जातात तशी ती किनार झिजते आणि खालचा काळा रंग उघडा पडतो. नवीन पीस एकही न येता पक्षी उजळून निघतो. ऑक्टोबरचा, जानेवारीचा आणि मार्चचा फोटो शेजारी ठेवल्याशिवाय हे कळत नाही, आणि ते ठेवायचे तर दर महिन्याला काढायला हवेत.

चाळीस फोटोंसाठी चाळीस पावलं पुढे जायची मात्र गरज नाही. मी एका जागी बसते, पक्ष्याला त्याच्या चालीने येऊ देते. त्याने चरणं थांबवून माझ्याकडे बघितलं की मी जास्त जवळ आहे असं समजायचं आणि मागे सरायचं. का, ते एका उदाहरणावरून कळेल. 2022 च्या ऑक्टोबरमध्ये पट्टेरी शेपटीचा पाणटिवळा या चिखलात चरणाऱ्या पक्ष्याचं जेमतेम पाच महिन्यांचं पिल्लू अलास्काहून टास्मानियाला गेलं. 13,560 किलोमीटर, 11 दिवस, वाटेत कुठेही न उतरता. पाठीवरच्या उपग्रह-टॅगमुळे हे कळलं. असा प्रवास अंगात साठवलेल्या चरबीवर होतो, आणि परतीच्या वाटेसाठी लागणारी चरबी पक्षी आपल्यासमोर चरून साठवत असतात. आपण उठवलं की खाणंही थांबतं आणि उडण्यात आधीची शिदोरीही खर्च होते.

इतकं करूनही काही पक्षी ओळखू येत नाहीत. भोवत्या या शिकारी पक्ष्यांच्या माद्या आणि पिल्लं मला अजूनही अडवतात. पांढुरका भोवत्या की मॉन्टेग्यूचा, हे मानेवरच्या फिकट कॉलरवरून सांगता येतं, पण पक्षी लांबून शेतावर तरंगत निघून जातो आणि कॉलर दिसतेच असं नाही. त्यांच्यासाठी 'भोवत्या, नक्की नाही' असं एक फोल्डर केलंय. दर हिवाळा सरला की ते उघडून पुन्हा बघते. यंदा दोन पक्षी त्यातून बाहेर काढता आले, दोन्ही पांढुरके. बाकीचे अजून तिथेच आहेत.