नारिंगी चौकट आणि १३३ जागा

एकाधिकारशाही चालवणारा नेता लोकांना का भावतो, हे समजून घ्यायचं तर हंगेरीतलं घरगुती गॅसचं बिल बघावं. पंतप्रधान व्हिक्टर ओर्बान यांच्या सरकारने जानेवारी २०१३ पासून घरगुती वीज, गॅस आणि हीटिंगचे दर १० टक्क्यांनी उतरवले. वर कायदाच केला, की किती पैसे वाचले ते बिलावर नारिंगी चौकटीत छापायचं. नारिंगी हा त्यांच्या फिदेस पक्षाचा रंग. सभेतलं भाषण लोक विसरतात, बिल मात्र घरी येतच राहतं.

रान मोकळं करून दिलं ते आधीच्यांनीच. समाजवादी पंतप्रधान ज्युरचान्य यांनी पक्षाच्या बंद बैठकीत खोटं बोलल्याची कबुली दिली आणि २००६ मध्ये त्याची टेप बाहेर आली. मग २००८ ची मंदी. फोरिंट हे हंगेरीचं चलन घसरलं, स्विस फ्रँकमध्ये घरकर्ज घेतलेल्यांचे हप्ते फुगले. २०१० ला फिदेसला सुमारे ५३ टक्के मतं पडली, पण जागा दोन तृतीयांशांहून जास्त. तिथे राज्यघटना बदलायला एवढं पुरतं; वरचं सभागृह नाही, सार्वमताची सक्ती नाही.

मग फिदेसने न्यायाधीशांचं निवृत्तीचं वय ७० वरून ६२ वर आणून ज्येष्ठांना घरी पाठवलं. युरोपीय न्यायालयाने २०१२ मध्ये ते बेकायदा ठरवलं, पण तोवर बऱ्याच खुर्च्या भरून झाल्या होत्या.

खरी मेख निवडणूक कायद्यात आहे. जागा ३८६ वरून १९९ केल्या, मतदानाची दुसरी फेरी रद्द. काही जागा मतदारसंघातून भरतात, बाकीच्या पक्षांच्या यादीतून, यादीच्या मतांच्या प्रमाणात. मतदारसंघात हरलेल्याची मतं पक्षाच्या यादीत मिळवायची, ही जुनी सोय. मतं वाया जाऊ नयेत म्हणून. आता जिंकणाऱ्याची जास्तीची मतंही मिळवतात. विजेत्याला २०,००० आणि दुसऱ्याला १५,००० पडली, तर जिंकायला १५,००१ पुरली असती; उरलेली ४,९९९ मतं विजेत्याच्या पक्षाच्या यादीला. २०१४ मध्ये फिदेसची मतं ४५ टक्क्यांच्या आत आली, तरी जागा १३३. दोन तृतीयांशांसाठी लागतात तेवढ्याच, एकही कमी नाही.

विरोधकांची एकजूट झाली की असा नेता पडतो, हा समज मला धोक्याचा वाटतो. २०२२ मध्ये सहा पक्ष एकत्र लढले आणि फिदेसच्या जागा १३५ झाल्या. चारशेहून जास्त वृत्तपत्रं, वाहिन्या आणि संकेतस्थळं २०१८ पासूनच सरकारधार्जिण्या एका प्रतिष्ठानाकडे गेली होती. विरोधकांचे पंतप्रधानपदाचे उमेदवार मार्की-झाय यांना सरकारी टीव्हीवर अख्ख्या प्रचारात मिळाली पाच मिनिटं.