वारस नोंद आणि ताईचं नाव

बाबा गेल्यावर शेताच्या सातबाऱ्यावर आमची नावं चढवायची होती. शेत नागपूरपासून तासाभरावर, आम्ही राहतो मानेवाड्यात. तलाठी कार्यालयाबाहेरच्या चहाटपरीवर एकाने आपणहून आकडा सांगितला, पाच हजार. वर म्हणाला, "ऑनलाइन टाकलं तरी शेवटी हात आमचाच लागते जी."

लाचलुचपतवाल्यांचा 1064 नंबर मोबाइलमध्ये घातला आणि घरी येऊन ई-हक्क या सरकारी ऑनलाइन प्रणालीवर अर्ज भरला. मृत्यू दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, सगळं स्कॅन करून. ओटीपीने घेतलेली परीक्षा सांगत बसत नाही. नवव्या दिवशी अर्ज परत आला. कारण लिहिलेलं होतं: सर्व वारसांची नावे नाहीत.

मी तणतणलो. मग प्रतिज्ञापत्र पुन्हा वाचलं. आई आणि मी, दोनच नावं. ताईचं लग्न होऊन वीस वर्षं झाली, ती कशाला मागते हिस्सा, असं काका म्हणाले होते आणि मी मान डोलावली होती. हिंदू वारसा कायद्यात मुलगी 1956 पासून पहिल्या वर्गातली वारस आहे, हे मला अर्ज परत आल्यावर कळलं. टपरीवर पाच हजार मोजले असते तर कदाचित ताईला गाळूनच नोंद झाली असती, आणि आम्ही त्याला 'काम झालं' म्हटलं असतं.

नवीन प्रतिज्ञापत्र जोडून पुन्हा अर्ज केला. दोन दिवसांनी तलाठी कार्यालयातून फोन आला, "एकदा भेटून जा." म्हटलं, "साहेब, काय कमी आहे ते अर्जावरच लिहून द्या ना, मी इथूनच जोडतो." पलीकडे थोडा वेळ शांतता. "बरं, बघतो." त्या आठवड्यात फेरफार नंबर पडला, म्हणजे नावं बदलायची नोंद रजिस्टरवर आली.

मग हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस. ती 'आपली चावडी' या सरकारी संकेतस्थळावरही लागते, म्हणून ताईला लिंक पाठवली. अमरावतीत बसून ती रोज बघायची. मुदत संपली, मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित केली. पंधरा रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा काढला आणि तिला टाकला.

लगेच फोन. "माझं नाव तिसरं कसं रे? मी मोठी आहे तुझ्याहून."