पाटरबर्ग ते आल्प द्युएझ: २०२४च्या महिला सायकल शर्यतींच्या मागे

बेल्जियममधल्या पाटरबर्गचा चढ जेमतेम ३६० मीटरचा आहे. आपल्याकडे त्याला कुणी घाट म्हणणार नाही, शेताच्या बांधाने वर जाणारी वाट म्हणतील. पण खाली ओबडधोबड दगडी फरशी, सरासरी चढ जवळजवळ १३ टक्के आणि त्या दिवशी वरून पाऊस. ३१ मार्च, फ्लँडर्सच्या शर्यतीचा रविवार. पुरुषांची शर्यत शेवटची वर गेली आणि माझ्या आजूबाजूच्या लोकांनी खुर्च्या मिटल्या. महिला यायला अजून तासभर तरी होता. मी हलले नाही. म्हणून कुंपणाच्या अगदी पुढच्या रांगेत जागा मिळाली, आणि म्हणूनच काशा न्येव्यादोमा या सायकलपटूला मी पाच पावलांवरून पाहिलं.

टीव्हीवर कळत नाही ते आवाजाचं. आधी मोटारसायकली, मग क्षणभर शांतता, मग ओल्या दगडांवर चाकांचा खडखडाट आणि त्याच्या वर माणसाचा श्वास. गुडघ्यापर्यंत चिखल, ओठ घट्ट मिटलेले, नजर पुढच्या दोन दगडांवर. दहा सेकंदांत सगळं संपलं. तेरा किलोमीटर पुढे औडेनार्डमध्ये शेवटच्या धावेत एलिसा लोंगो बोर्गिनी जिंकली, न्येव्यादोमा दुसरी आली, शिरिन फान आनरोय तिसरी.

न्येव्यादोमा पोलंडची. २०१९नंतर रस्त्यावरची एकही शर्यत तिने जिंकली नव्हती. महिलांची टूर द फ्रान्स, म्हणजे अनेक दिवस टप्प्याटप्प्याने चालणारी आणि एकूण वेळेवर ठरणारी शर्यत, २०२२मध्ये नव्या रूपात सुरू झाली, त्यात पहिल्या दोन्ही वर्षी ती तिसरी. म्हणजे कायम पुढे असणारी, पण शेवटी कुणीतरी तिच्या आधी पोहोचणारी. आइंडहोव्हनमध्ये राहून इतकी वर्षं या शर्यती टीव्हीवरच बघत होते. त्या दिवशी ठरवलं, हा हंगाम तिच्या मागे फिरायचं.

तुम्हीही जाणार असाल तर फ्लँडर्सबद्दल थोडं. घेंटच्या सिंट-पीटर्स स्टेशनवरून औडेनार्डला रेल्वे आहे, गाडी घेऊन जाऊ नका, त्या दिवशी आसपासचे बहुतेक रस्ते बंद असतात. औडेनार्डपासून पाटरबर्ग नऊ-दहा किलोमीटर, आम्ही चालत गेलो. चिकणमाती बुटाला इतकी धरते की कापडी बूट वाया जातात, ट्रेकिंगचेच घाला. शेजारच्या आउडे क्वारेमाँटवर मोठे तंबू, पडदे, खाणंपिणं सगळं असतं पण शर्यत लांबून दिसते. पाटरबर्गवर काही नसतं आणि शर्यत हाताशी दिसते. मी पाटरबर्गच निवडेन. आणि शाकाहारी असाल तर एक गोष्ट विचारल्याशिवाय खाऊ नका: बेल्जियममध्ये बटाट्याचे फ्रीत पुष्कळ ठिकाणी गाईच्या चरबीत तळतात. मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेते. दोन दिवस टिकतात, थंडीतही मऊ राहतात.

पुढचा मुक्काम १७ एप्रिलचा, फ्लेश वालोन, ही बेल्जियममधलीच एका दिवसाची शर्यत. ही शर्यत बुधवारी असते, रजा टाकावी लागते. शेवट ज्या गावात होतो त्याचा उच्चार 'वी', पण डच बोलणाऱ्या भागातून जाणाऱ्या गाडीत तेच गाव 'हूय' नावाने येतं आणि लिएझचं 'लाउक' होतं. फलकावर आपलं गाव दिसत नाही म्हणून माझी मैत्रीण एक गाडी चुकली. दोन्ही नावं कागदावर लिहून ठेवा. मास्ट्रिख्टहून लिएझ, तिथून वी, असा सरळ मार्ग आहे.

शर्यत जिथे संपते तो चढ म्हणजे 'वीची भिंत', १.३ किलोमीटरची. वाटेवर सात छोटी प्रार्थनामंदिरं आहेत, एरवी भाविक पायी चढतात. जेजुरीच्या पायऱ्यांसारखी ती वाट दर वळणाला वाटतं की आलंच, आणि येत नाही. मधल्या वळणाच्या आतल्या बाजूला चढ २० टक्क्यांच्या आसपास जातो. तिथे उभं राहायचं असेल तर सकाळी दहाच्या आत पोहोचा, आणि खाली उतरून परत वर येऊ असा विचार करू नका, शर्यत सुरू झाली की वाट ओलांडू देत नाहीत.

त्या दिवसासारखी एप्रिलची थंडी मी इथे पाहिली नव्हती. पाऊस, मग गारठलेला बर्फमिश्रित पाऊस. पुरुषांच्या शर्यतीत फक्त ४४ जण शेवटपर्यंत पोहोचले. बोटं इतकी बधिर झाली होती की थर्मासचं झाकण मैत्रिणीने दातांनी उघडलं. महिलांच्या शेवटच्या चढाईत नेदरलँड्सची डेमी फोलेरिंग पुढे होती. ती आदल्या वर्षीची विजेती, शिवाय टूर द फ्रान्सचीही विजेती. आणि मग अगदी वरच्या टप्प्यात न्येव्यादोमा बाहेरून सरकली. ती जागा आमच्यापासून ऐंशी-नव्वद मीटर वर होती. दिसली फक्त पाठ. आरडाओरड्याचा सूर बदलला तेव्हा कळलं की पुढे कोण आहे. पहिली न्येव्यादोमा, दुसरी फोलेरिंग, तिसरी लोंगो बोर्गिनी. पाच वर्षांनी. मी आणि मैत्रीण एकमेकींना मिठी मारून उभ्या होतो, शेजारच्या आजोबांना वाटलं आम्ही पोलंडच्या.

मे-जूनबद्दल फार सांगण्यासारखं नाही, नोकरी होती.

ऑगस्टमध्ये आई पुण्याहून आली. टूर त्या वर्षी १२ ऑगस्टला रॉटरडॅमहून निघणार होती, घरापासून रेल्वेने तासाभरावर. (भारतातून कुणी येणार असेल तर नेदरलँड्स, बेल्जियम, फ्रान्स तिन्हींना एकच शेंगेन व्हिसा चालतो, ज्या देशात जास्त रात्री काढणार त्याच्याकडे अर्ज करा.) रॉटरडॅमला शेवटची रेषा बघायला जायचं नाही, सुरुवातीला जायचं. शर्यत सुटण्याआधी दीड-दोन तास संघांच्या बस ओळीने उभ्या असतात, मेकॅनिक टायरची हवा तपासत असतात, रायडर खाली उतरून सही करायला मंचावर जातात. पुरुषांच्या टूरमध्ये हा भाग इतका कडेकोट असतो की लांबून हेल्मेट तेवढं दिसतं. इथे माणसं दिसतात. ऊन मात्र भयंकर होतं. आईने पदर डोक्यावर घेतला आणि मला म्हणाली, "अगं, या पोरी या उन्हात सव्वाशे किलोमीटर जाणार? यांना पाणी कोण देतं?" मग तिने अर्धा तास फक्त एका संघाच्या बाटल्या भरणाऱ्या बाईकडे बघण्यात घालवला. ती बाई बर्फाचे तुकडे पातळ मोज्यांत भरून गाठी मारत होती, ते मानेखाली ठेवायचे असतात. पहिला टप्पा हेगला संपला, शार्लोट कोल जिंकली, दुसऱ्या दिवशी सकाळचा टप्पाही तिनेच जिंकला.

त्या दुपारी रॉटरडॅम शहरात ६.३ किलोमीटरची एकेकटीची घड्याळी शर्यत होती, एका दिवसात दोन टप्पे. पहिल्यांदा शर्यत बघणाऱ्याने अशा शर्यतीपासूनच सुरुवात करावी असं मला वाटतं. दर मिनिट-दीड मिनिटाला एक रायडर समोरून जाते, सगळ्या नीट दिसतात. ती फोलेरिंगने जिंकली आणि एकूण वेळेत सगळ्यात पुढे असणारीला मिळते ती पिवळी जर्सी तिच्या अंगावर आली.

पुढचं तीन दिवस घरी टीव्हीवर. पाचव्या टप्प्यात, आम्नेव्हिलच्या अलीकडे साधारण सहा किलोमीटरवर, मोठा अपघात झाला. फोलेरिंग पडली, उठली, पण वेळ गेला. पिवळी जर्सी न्येव्यादोमाकडे. आई म्हणाली, "पडली म्हणून मिळाली, ते काही खरं नाही. डोंगरावर बघू." तिचं म्हणणं मला पटलं होतं, पण मी बोलले नाही.

शेवटचा टप्पा फ्रान्समधल्या आल्प द्युएझच्या घाटावर संपणार होता. तिथे जाण्याची तयारी जूनपासूनच करा, हे कळकळीने सांगते. एका बुकिंग साइटवरून घेतलेली आमची खोली आठ दिवस आधी रद्द झाली, कारण दिलं नाही. शेवटी पायथ्याच्या बोर द्वाझाँ गावात एका कॅम्पिंगच्या जागेवर तंबू मिळाला. रॉटरडॅमहून पॅरिस, तिथे गार द्यु नॉर स्टेशनवरून गार द लिओं स्टेशनला आरईआर या लोकल रेल्वेच्या डी लाइनने जायचं, मग टीजीव्ही या वेगवान गाडीने ग्रनोबल, तिथून बस. पॅरिसमध्ये स्टेशन बदलायला सामानासह किमान सव्वा तास हाताशी ठेवा. आणि शर्यतीच्या दिवशी बस मिळेल हे गृहीत धरू नका, आदल्या दिवशीच पोहोचा.

घाट १३.८ किलोमीटरचा, सरासरी ८.१ टक्के, २१ वळणं. वळणांचे आकडे उलटे आहेत: पायथ्याला २१, वर १. सातव्या वळणाला डच लोकांचं कोंडाळं असतं, गाणी, केशरी धूर, पहाटेपासून. तरुण असाल तर तिथे जा. आमच्यासाठी सोळावं वळण, ला गार्द गावाचं, योग्य ठरलं. गाव आहे, पाण्याचा नळ आहे, सावली आहे. पण पहिली पाच-सहा वळणंच सगळ्यात खडी आहेत. आई दर रविवारी सिंहगड चढते, म्हणून निभावलं. दहा वाजता निघून बाराच्या सुमारास वर आलो. टोपी, दोन लिटर पाणी, रेनकोट, बसायला जाड चादर एवढं न्याच, डोंगरात हवा कधीही फिरते. पुढे जाहिरातींच्या गाड्यांची मिरवणूक येते, टोप्या, पिशव्या, खाऊ उधळत. पोरं रस्त्यात धावतात, लहान मूल बरोबर असेल तर हात सोडू नका.

लहानपणी बाबा मला मुंबई-पुणे सायकल शर्यत बघायला खंडाळ्याच्या घाटात न्यायचे. 'घाटाचा राजा' कोण होतो यावर त्यांची मित्रांशी चहाची पैज असे. वळणावर चादर अंथरताना आई म्हणाली, "तुझ्या बाबांनी हीच जागा निवडली असती." बाबांना जाऊन सहा वर्षं झाली.

गणित असं होतं. सकाळी फोलेरिंग न्येव्यादोमाच्या १ मिनिट १५ सेकंद मागे होती. टप्पा जिंकला तर १० सेकंदांची सूट मिळते. म्हणजे फोलेरिंग जिंकली तर न्येव्यादोमाला तिच्या ६५ सेकंदांच्या आत पोहोचायला हवं. हा ६५चा आकडा मी आईच्या हातावर पेनाने लिहिला, कारण वर फोनला रेंज राहत नाही. हजारो लोक एकाच वेळी फोन उघडतात. छोटा रेडिओ न्या. आमच्याकडे नव्हता, पण शेजारच्या डच कुटुंबाकडे होता आणि मला डच समजतं. फोलेरिंगने त्याआधीच्या ग्लाँदाँच्या घाटातच हल्ला चढवला होता, तिच्याबरोबर फक्त पॉलिना रोयाकर्स टिकली होती.

दोघी आमच्यासमोरून गेल्या. फोलेरिंग पुढे, रोयाकर्स चाकाला चाक लावून मागे, तिला पुढे यायला फोलेरिंग हाताने खुणावत होती, ती येत नव्हती. मी घड्याळाचं बटण दाबलं. आई मोठ्याने मोजू लागली. चाळिसाला सगळं वळण तिच्याकडे बघत होतं. पिवळी जर्सी आली तेव्हा आकडा मिनिटाच्या आसपास होता. चेहरा पाटरबर्गवर पाहिला तसाच, ओठ मिटलेले. आई मोजता मोजता थांबली आणि ओरडली, "चल गं पोरी, चल!" शुद्ध मराठीत.

मग अर्धा तास फक्त रेडिओ. फोलेरिंग टप्पा जिंकली हे आधी कळलं, डच कुटुंबाने टाळ्या वाजवल्या, आणि लगेच सगळे गप्प झाले, कारण निवेदक सेकंद मोजत होता. १ मिनिट १ सेकंद. त्यांच्या आजीने आमच्याकडे वळून चार बोटं वर केली. चार सेकंदांनी न्येव्यादोमा. पुरुष-महिला दोन्ही मिळून टूरच्या इतिहासातला हा सगळ्यात कमी फरक. याआधीचा १९८९च्या पुरुषांच्या शर्यतीतला, आठ सेकंदांचा. आजीच्या डोळ्यांत पाणी होतं, तिच्या देशाची मुलगी हरली होती. आईने उठून तिला चिवड्याचा डबा दिला.

रस्ता लगेच मोकळा होत नाही, दीड-दोन तास थांबा, घाईने उतरू नका. वरून सायकलस्वार सुसाट येतात आणि वळणावर त्यांना तुम्ही दिसत नाही. डाव्या कडेने, एकामागे एक उतरा. टॉर्च न्या. आम्ही उतरलो तेव्हा आईच्या तळहातावरचा ६५ घामाने फिका झाला होता. तंबूत गेल्यावर हात धुवायला पाणी दिलं, तर म्हणाली, "राहू दे गं आजच्या दिवस," आणि तशीच जेवायला बसली, डाव्या हाताने.