‘जीव घाबरा होतोय’ आणि चार पर्याय

जीएनएम या परिचारिका पदविकेचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम संपवून मी परभणीतील एका खासगी रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात रुजू झाले, तेव्हा नर्सिंग ऑफिसरच्या भरतीसाठी एम्स घेते ती नॉरसेट परीक्षा द्यायची असे काही डोक्यात नव्हते. जीएनएम झालेल्यांना या परीक्षेसाठी किमान 50 खाटांच्या रुग्णालयातील दोन वर्षांचा अनुभव लागतो, ही माहिती बरोबरीच्या एका सिस्टरने दिली, आणि आपली दोन वर्षे नाहीतरी भरत आलीच आहेत, या हिशेबाने मी तयारीला लागले. पहिल्या प्रयत्नात पूर्वपरीक्षेतच अडकले. दुसऱ्या प्रयत्नात पूर्वपरीक्षा आणि मुख्य परीक्षा हे दोन्ही टप्पे पार पडले. मधल्या काळात मी अभ्यासाचे तास वाढवले नव्हते, कारण नाइट ड्युटी आणि घर सांभाळून ते वाढवणे शक्यच नव्हते.

पूर्वपरीक्षेत 90 मिनिटांत 100 प्रश्न सोडवायचे असतात आणि चुकीच्या प्रत्येक उत्तराला एक तृतीयांश गुण वजा होतो, म्हणजे तीन चुकांनी एक बरोबर उत्तर वाया जाते. हे ठाऊक असूनही पहिल्या वेळी मी एकही प्रश्न मोकळा सोडला नाही. पण खरी उणीव दुसरीकडेच होती, आणि ती मला एका सराव चाचणीत दिसली. प्रश्नातील वृद्ध रुग्ण डिगॉक्सिन हे हृदयाचे औषध आणि लघवीचे औषध घेत होता, दोन दिवसांपासून त्याचे जेवण तुटले होते, मळमळ होती आणि दिव्याभोवती पिवळसर वलय दिसत होते. परिचारिकेने आधी काय करावे, असे विचारले होते. मी उलटीचे औषध देण्याचा पर्याय निवडला. डिगॉक्सिनपूर्वी पूर्ण एक मिनिट हृदयाचे ठोके मोजायचे, प्रौढ रुग्णात ते 60 पेक्षा कमी असल्यास गोळी रोखून डॉक्टरांना कळवायचे आणि पोटॅशियम उतरले की या औषधाची विषबाधा लवकर होते, हे सारे मला तोंडपाठ होते. मळमळ म्हणजेच ती विषबाधा असू शकते, एवढेच सुचले नाही.

तेव्हापासून मी एक वही सुरू केली. डाव्या बाजूला वॉर्डात रुग्णाने उच्चारलेले शब्द जसेच्या तसे, आणि उजव्या बाजूला त्याला पुस्तकात काय म्हणतात, आपण काय पाहायचे, काय मोजायचे, असा तिचा साधा बेत होता. ‘उशाला दोन उशा घेतल्याबिगर पडता येईना’ या वाक्यासमोर ऑर्थोप्निया (आडवे पडल्यावर लागणारी धाप), पायावरची सूज, रोजचे वजन आणि ऑक्सिजनचे प्रमाण असे लिहिले. ‘जीव घाबरा होतोय’ या तक्रारीला तर पूर्ण पान द्यावे लागले, कारण आपल्याकडे साखर उतरलेला माणूसही तेच म्हणतो, धडधड होणारी बाईही तेच म्हणते आणि छातीत कळ न येता हृदयविकाराचा झटका आलेला मधुमेही रुग्णही तेच म्हणतो. घाम, गार पडलेले हात आणि थरथर दिसली की आधी ग्लुकोमीटर. साखर 70 च्या खाली असून रुग्ण शुद्धीवर असेल आणि त्याला नीट गिळता येत असेल, तर 15 ग्रॅम साखर, म्हणजे साधारण तीन चमचे, आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासणी.

पावसाळ्यात या वहीत एक नोंद अशी आली, जी मला कोणत्याही प्रश्नसंचात सापडली नव्हती. शेतातील आखाड्यावर जमिनीवर झोपलेला एक तरुण पहाटे पोटात कळ येते म्हणून उठला आणि सकाळी ‘पापण्याच उघडनात’ म्हणून त्याला घेऊन आले. अंगावर दंशाची खूण दिसत नव्हती. मण्यारीच्या दंशाची खूण पुष्कळदा दिसतच नाही आणि श्वासाचे स्नायू लुळे पडतात, म्हणून इन्चार्ज सिस्टरांनी खूण शोधत बसण्याऐवजी श्वासमार्ग, ऑक्सिजन आणि हाताने दाबून श्वास देण्याची अंबू बॅग यांची तयारी आधी करायला लावली. ‘सर्वप्रथम काय कराल’ या प्रकारच्या प्रश्नांची मला वाटणारी धास्ती त्या सकाळीच निम्मी गेली.

औषधांच्या बाबतीत मी धोक्याच्या औषधांवरच भर दिला. पोटॅशियम क्लोराइड शिरेतून कधीही थेट ढकलायचे नाही; रक्त गोठू न देणाऱ्या औषधांपैकी हेपरिनला उतारा प्रोटामीन, वॉरफरिनला व्हिटॅमिन के; मॅग्नेशियम सल्फेट देताना गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया, श्वासाचा वेग व लघवीचे प्रमाण पाहायचे आणि उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी ठेवायचे. हा भाग पाठ करूनच भागतो, त्यावर अधिक लिहिण्यासारखे नाही.

रुग्णशिक्षणाचे प्रश्न मात्र मला सोपे वाटत आणि तेथेच माझे गुण जात. ‘रुग्णाच्या कोणत्या वाक्यावरून त्याला आणखी समजावण्याची गरज आहे असे दिसते’, असा प्रश्न असतो. तीन वाक्ये बरोबर असतात आणि आपल्याला चुकीचे शोधायचे असते, पण घाईत आपण पहिले बरोबर वाक्य निवडून मोकळे होतो. पुढे मी असा प्रश्न आला की कच्च्या कागदावर ‘चूक शोध’ असे दोन शब्द लिहू लागले. पोरकट वाटले तरी त्याचा उपयोग झाला.

याच काळात जिंतूरकडचे एक वयस्कर शेतकरी साखर 400 च्या वर गेल्यामुळे दाखल झाले. इन्सुलिन रोज घेतो, असे ते शपथेवर सांगत होते आणि त्यांचा मुलगाही दुजोरा देत होता. सुटी होताना ‘समजलं का बाबा?’ असे मी विचारले असते, तर ‘समजलं की’ हेच उत्तर आले असते. म्हणून मी म्हणाले, ‘बाबा, घरी कसं घेता ते मला करून दाखवा.’ त्यांनी पिशवीतून बाटली आणि सिरिंज काढली, 20 च्या रेघेपर्यंत औषध ओढले आणि माझ्याकडे पाहिले. बाटली 40 युनिटची, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट असलेली होती, पण सिरिंजचे टोपण नारिंगी होते, म्हणजे ती 100 युनिटच्या इन्सुलिनची होती. तिच्यावरील 20 ची रेघ म्हणजे 0.2 मिलिलिटर, आणि 40 च्या बाटलीतून तेवढे ओढले की पोटात जातात अवघी 8 युनिट. याच्या उलट, म्हणजे बाटली 100 ची आणि सिरिंज 40 ची असती, तर 20 च्या जागी 50 युनिट गेली असती. मी 40 युनिटची लाल टोपणाची सिरिंज आणवली, बाटलीवरचा आकडा मुलाला मोठ्याने वाचायला लावला आणि दोघांकडूनही पुन्हा एकदा औषध ओढून घेतले. त्यांच्या घरी फ्रिज नव्हता; म्हणून बाटलीला पाणी लागू न देता ती मातीच्या मडक्यात गार जागी कशी ठेवायची, तेही सांगितले.

मुख्य परीक्षेतील लांबलचक रुग्णवृत्तान्तांचे प्रश्न मला त्यानंतर परके वाटले नाहीत. निकालानंतर त्रास झाला तो अनुभवाच्या प्रमाणपत्राचा: रुग्णालयाने दिलेल्या पहिल्या पत्रात खाटांची संख्याच लिहिलेली नव्हती, आणि नवे पत्र मिळवण्यासाठी मला ड्युटी संपवून सलग आठ दिवस कार्यालयाच्या दारात बसावे लागले. अर्ज भरण्यापूर्वीच ते पत्र हातात घ्यावे आणि त्यातील खाटा, पद व दोन्ही तारखा तेथेच उभे राहून वाचाव्यात.