लंडनमध्ये पाणी धरून पळा

साताऱ्यात पळणाऱ्याला रस्ता विचारावा लागत नाही. राजवाड्यावरून निघालं की यवतेश्वरचा घाट समोर उभाच. वर जाताना छाती बोलते, खाली येताना गुडघे. लंडन याच्या अगदी उलट निघालं. चढ असा नाहीच, पण गल्ल्या अशा वळतात की तिसऱ्या चौकात माणूस हरवतो.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघं पॅडिंग्टन स्टेशनजवळ उतरलो होतो. हे पळत नाहीत, मी पळते. पहिल्या सकाळी फोनवर नकाशा बघत निघाले आणि दर दोन मिनिटांनी थांबत राहिले. तसंही तिथं रस्त्याच्या कडेला फोन हातात धरून उभं राहणं बरं नव्हे. सायकलवरून येऊन फोन हिसकावणारे मध्य लंडनमध्ये बरेच आहेत. दुसऱ्या दिवसापासून फोन कमरेच्या पट्ट्यात टाकला आणि एक साधा नियम केला: तळं, कालवा नाहीतर नदी, एक पाणी धरायचं आणि ते नेईल तिकडं जायचं. त्यानंतरच्या चारांपैकी तीन सकाळी या नियमावर निघाल्या. दोन ठिकाणी पाणी दगा देतं, ती पुढे सांगते.

सर्वांत सोपी सुरुवात हाइड पार्कपासून. पॅडिंग्टनहून दहा मिनिटं चालत लँकेस्टर गेटला जा. आत शिरताच कारंज्यांची इटालियन बाग लागते आणि तिथूनच लाँग वॉटर सुरू होतं. पुढं पुलाखालून गेलं की त्याच पाण्याला सर्पेंटाइन म्हणतात. १७३० च्या सुमारास वेस्टबोर्न नावाच्या ओढ्याला बांध घालून ते तयार केलं. आपल्याकडच्या तळ्यांसारखंच, फक्त इथं हौस कॅरोलाइन राणीची. हाइड पार्क आणि त्याला चिकटलेलं केन्सिंग्टन गार्डन्स यांची बाहेरून पूर्ण फेरी साधारण ७ किलोमीटर भरते. हाइड पार्क पहाटे ५ ला उघडतं. केन्सिंग्टन गार्डन्स मात्र ६ ला उघडतं आणि अंधार पडायच्या सुमाराला त्याचे दरवाजे बंद होतात, त्यामुळे संध्याकाळी पळणार असाल तर त्या बाजूला अडकू नका. दक्षिणेकडच्या रॉटन रो नावाच्या रस्त्यावर वाळू अंथरलेली दिसेल. पायाला मऊ लागेल म्हणून मोह होतो, पण तो रस्ता घोड्यांचा आहे. सकाळी लष्कराचे घोडे खरंच येतात, आणि त्यांना बाजूला व्हायची सवय नसते.

लांब पळायचं असेल त्यांनी जमिनीत बसवलेल्या डायना स्मृतिमार्गाच्या गोल चकत्या शोधाव्यात. केन्सिंग्टन गार्डन्स, हाइड पार्क, ग्रीन पार्क आणि सेंट जेम्स पार्क असा तो ११ किलोमीटरचा रस्ता आहे. मी सेंट जेम्सपर्यंत गेले, तिथले पेलिकन बघितले आणि परत फिरले. फार काही सांगण्यासारखं नाही. सुंदर आहे, सपाट आहे, बदकांच्या विष्ठेवरून पाय घसरतो.

माझं मन गुंतलं ते कालव्यात. पॅडिंग्टनच्या मागंच लिटल व्हेनिस नावाची जागा आहे. तिथून रीजंट्स कॅनॉल पूर्वेकडं निघतो. १८२० मध्ये तो पुरता खुला झाला तेव्हा मालाच्या नावा घोडे ओढत, आणि त्या घोड्यांची पायवाट म्हणजे आजची आपली पळायची वाट. कॅम्डनपर्यंत साधारण ४ किलोमीटर. पहिला दगा इथंच बसतो. एजवेअर रोडपाशी कालवा मेडा हिल बोगद्यात शिरतो आणि बोगद्यात पायवाट नाही. मी "असेल कुठं तरी वाट" म्हणत एजवेअर रोडनंच उजवीकडं वळले आणि किराणा दुकानांमधून चांगलं किलोमीटरभर भलतीकडं गेले. तुम्ही तसं करू नका. एजवेअर रोड सरळ ओलांडा, समोरच्या ॲबर्डीन प्लेसमध्ये शिरा, आणि ती गल्ली संपते तिथं पायऱ्या उतरा. पाणी पुन्हा सापडतं.

त्यानंतरचा तुकडा लंडनमधला सगळ्यात शांत. वर रस्ता असतो, पण आवाज खाली उतरत नाही. मॅकल्सफील्ड पुलाखाली मात्र थांबा. २ ऑक्टोबर १८७४ च्या पहाटे टिलबरी नावाची, बंदुकीची दारू भरलेली नाव इथं उडाली, तिच्यावरचे तिघं गेले आणि पूलही गेला. पूल पुन्हा बांधला तो जुनेच बिडाचे खांब वापरून, पण खांब फिरवून बसवले. म्हणून नावांच्या दोरांनी घासून पडलेल्या खाचा खांबांच्या दोन्ही बाजूंना आहेत: एका बाजूला स्फोटाआधीच्या, दुसरीकडं नंतरच्या. मी त्या खाचांमध्ये बोट घालून बघितलं. विहिरीच्या काठावर दोरानं पडतात तशाच.

थोडं पुढं डाव्या हाताला प्राणिसंग्रहालयाचा उंच जाळीचा सांगाडा दिसतो. पूर्वी तिथं पक्षी होते, आता काळी-पांढरी कोलोबस माकडं आहेत. प्राणिसंग्रहालय संपलं की कालवा सोडून वर या आणि प्रिमरोझ हिल चढा. उंची ६० मीटरच्या थोडी वर. यवतेश्वरवाल्यांनी हसू नये, वरून अख्खं लंडन दिसतं.

टेकडीच्या पलीकडं, चॉक फार्म स्टेशनजवळ, किंग हेन्रीज रोडवर १० नंबरचं घर आहे. १९२१-२२ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकताना बाबासाहेब इथं राहिले. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं हे घर विकत घेतलं आणि आता ते स्मारक आहे. मी पोचले सकाळी आठच्या सुमाराला, घामानं भिजलेली. अर्थातच दार बंद. पायरीसमोर उभी राहिले. ७ नोव्हेंबर १९०० ला भिवाचं, म्हणजे लहानग्या बाबासाहेबांचं, नाव ज्या शाळेत दाखल झालं, ती तेव्हा आमच्या साताऱ्याच्या राजवाड्यात भरायची. जिथून मी रोज निघते, तिथूनच. दुपारी ह्यांना घेऊन परत गेले आणि नीट सगळं बघितलं. तेव्हा सकाळी पळताना घर फक्त हेरून ठेवा, आणि आत जाण्याआधी उघडायची वेळ विचारून घ्या. कालव्याची वाट अरुंद आहे. पुलांखाली सायकलवाले घंटी वाजवत येतात, कानात गाणी नकोत. ऑक्टोबरात ओली पानं पडलेली असतात आणि तिथं पडलात तर थेट पाण्यात.

पाण्याच्या तिसऱ्या सकाळी थेम्स. वेस्टमिन्स्टर पूल ओलांडून दक्षिण काठावर उतरा, पण लगेच टॉवर ब्रिजकडं वळू नका. आधी उलट दिशेला लँबेथ पुलाकडं जा. भिंतभर हातानं रंगवलेली लाल बदामं दिसतील, कोविडमध्ये गेलेल्या एकेका माणसासाठी एकेक. पार्लमेंटच्या बरोबर समोर ही भिंत जवळपास अर्धा किलोमीटर चालते. तिथं मी पळले नाही, चालले. लँबेथ पूल न ओलांडता याच काठानं पुढं गेलं की बागेत बसवेश्वरांचा पुतळा आहे. बसवेश्वरांचा काही काळ मंगळवेढ्यात गेला, त्यामुळे सोलापूरकडच्या माणसाला इथं ओळखीचं कुणी भेटल्यासारखं वाटेल. हा पुतळा आणि आंबेडकरांचं घर, दोन्हींचं उद्घाटन एकाच दिवशी झालं, १४ नोव्हेंबर २०१५ ला.

मग परत फिरून पूर्वेकडं. वेस्टमिन्स्टर ते टॉवर ब्रिज ४ किलोमीटरच्या आसपास, पण आठच्या आत उरका. नंतर लंडन आय या महाकाय पाळण्याजवळ जत्रा भरते. नदीला भरती-ओहोटी आहे, पाणी ७ मीटरपर्यंत वरखाली होतं. जाताना काठाला लागलेलं पाणी तासाभरात मागं सरून खाली चिखल आणि गोटे उघडे पडलेले बघितले. दुसरा दगा याच वाटेवर: मिलेनियम पूल मागं पडल्यावर वाट नदी सोडून क्लिंक स्ट्रीट नावाच्या दगडी बोळात शिरते. घाबरू नका, सदर्क कॅथेड्रलच्या अंगानं जा, लंडन ब्रिजनंतर नदी परत मिळते. टॉवर ब्रिजपलीकडच्या टॉवर हिल स्टेशनहून पॅडिंग्टनला थेट सर्कल लाइनची मेट्रो आहे. तिकीट काढायची गरज नाही, बँकेचं कार्ड टेकवायचं. उतरताना तेच कार्ड पुन्हा टेकवायला विसरलात तर जास्त पैसे कापले जातात.

हवा सकाळी १० अंशांच्या आसपास होती. पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट आणि पातळ हातमोजे पुरले. नळाचं पाणी थेट पिता येतं. हॉटेलचा नाश्ता उशिरा सुरू व्हायचा, म्हणून मी राजगिऱ्याचे लाडू नेले होते, एक पळण्याआधी, एक नंतर. कंदी पेढे न्यायचा विचार असेल तर सोडा. दुधाचे पदार्थ आपल्याकडून ब्रिटनमध्ये न्यायला बंदी आहे.

शनिवारी सकाळी ९ ला ठिकठिकाणी पार्करन असते, ५ किलोमीटर, फुकट. मी मुद्दाम बुशी पार्कला गेले, कारण ती तिथंच सुरू झाली, २ ऑक्टोबर २००४ ला १३ जणांनी. (कालव्यातला स्फोटही २ ऑक्टोबरचाच, आपल्याला ही तारीख वेगळ्याच कारणानं पाठ.) वॉटर्लूहून टेडिंग्टनची लोकल घ्यायची, पुढं चालत. नावनोंदणी घरूनच करा आणि बारकोड जवळ ठेवा, बारकोड नाही तर वेळेची नोंद नाही. या उद्यानात हरणं मोकळी फिरतात आणि शरद ऋतूत नर माजावर असतात. ५० मीटर लांब राहा असं सांगतात. मी जॅकेट काढून ह्यांच्याकडं दिलं आणि हजारभर माणसांत पळाले. शेवटची रेघ ओलांडली, हातात क्रमांकाची चकती मिळाली, स्कॅन करायला गेले तर बारकोड जॅकेटच्या खिशात, आणि जॅकेट घेऊन हे कुठं तरी हरणांचे फोटो काढायला गेलेले. सापडले तोवर स्वयंसेवक सामान आवरत होते. त्यातल्या एका बाईंनी हसत पेटी पुन्हा उघडली.